स्वभावाला औषध असते का?

प्रश्न : पतीचा निरोप दहा मिनिटे उशिरा आला, तरी माझ्या मनात नाही नाही ते येते आणि ते घरी येताच भांडण होते. दोष माझ्या स्वभावाचा आहे का?

उत्तर : अंशतः आहे. केली आणि कॉन्ली या मानसशास्त्रज्ञांच्या १९८७ मधील अभ्यासात, १९३० च्या दशकापासून पाहिलेल्या ३०० अमेरिकी जोडप्यांमध्ये, दोघांपैकी कोणाचीही भावनिक अस्थिरता आणि पतीचा उतावळेपणा यांचा वैवाहिक असमाधानाशी संबंध आढळला. होते असे की, चिंताग्रस्त मन साध्या मौनालाही उपेक्षा समजते, त्यातून जाब विचारला जातो आणि समोरचा अधिकच गप्प होतो. जाब विचारण्याआधी ‘मला भीती वाटली’ एवढेच सांगून पाहावे; पती हात उगारत असतील, तर मात्र हा सल्ला लागू नाही.