‘दुर्बीण नॉर्मल’ म्हणजे नेमकं काय? आणि एन्टरोस्कोपीला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा: भाच्याला शीवाटे रक्त जायचं. घशातून आणि गुदद्वारातून, दोन्हीकडून दुर्बीण टाकली, नॉर्मल आली. आता ‘मेकेल्स डायव्हर्टिक्युलम’च्या (लहान आतड्यावरची जन्मजात पिशवी) शंकेने ‘डबल बलून एन्टरोस्कोपी’ सांगितलीय. ही पुन्हा दुर्बीणच ना? मराठी शब्द काय?

दुर्बीणच, पण आपण तीन तपासण्यांना एकच शब्द वापरतो आणि घोटाळा तिथेच होतो. घशातून केलेली गॅस्ट्रोस्कोपी अन्ननलिका, जठर आणि आद्यांत्रापर्यंत (लहान आतड्याची सुरुवात) पोचते. गुदद्वारातून केलेली कोलोनोस्कोपी मोठं आतडं आणि फार तर शेषांत्राचं (लहान आतड्याचा शेवटचा भाग) टोक दाखवते. मधलं कित्येक मीटर लहान आतडं दोन्हींत दिसतच नाही. म्हणून नुसतं ‘दुर्बीण नॉर्मल’ म्हणू नये, कुठून कुठपर्यंत पाहिलं ते सांगावं. एन्टरोस्कोपीला ‘लहान आतड्याची दुर्बीण तपासणी’ हे सरळ नाव मला पटतं. ‘आंत्रदर्शन’ कुणी बोलत नाही.

डबल बलून म्हणजे दोन फुगे: एक सुमारे २ मीटरच्या दुर्बिणीच्या टोकाला, दुसरा तिच्यावरच्या नळीला. एक फुगवून आतड्यात रोवायचा, दुसरा पुढे सरकवायचा, मग दोन्ही फुगवून मागे ओढायचं. लेंग्यात नाडी ओवताना कापड चुणतं तसं आतडं नळीवर चुणत जातं. डॉ. यामामोतो यांनी ही पद्धत २००१ साली जपानमधून मांडली.

डायव्हर्टिक्युलमला ‘पिशवी’ पुरे, पण मेकेल्ससाठी आधी ‘जन्मजात’ हवंच. गर्भात बलक-पिशवीला (योक सॅक) आतड्याशी जोडणारी नळी विरायची राहते, तिचाच हा अवशेष. सुमारे २ टक्के लोकांत असतो, बहुतेकांना त्रास देत नाही. पिशवीत जठराचं अस्तर असेल तर ते आम्ल सोडतं, शेजारच्या आतड्याला व्रण पडतो आणि रक्त जातं. मुलांत म्हणूनच आधी टेक्नेशियम स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेलं चित्र) करतात. तो हेच अस्तर शोधतो. अस्तर नसेल तर पिशवी असूनही स्कॅन कोरा येतो.

पिशवी बहुधा शेषांत्राच्या शेवटच्या दोनेक फुटांत असते, म्हणून दुर्बीण गुदद्वारातून घालतात. शेजारी शेजारी दोन तोंडं दिसली की संशय पक्का, त्यातलं एक पुढे बंद असतं. त्या बंद वाटेत जोर केला तर आतडं फाटू शकतं. गिळायची कॅमेरा-कॅप्सूल अशा तोंडावरून नुसती निघून जाऊ शकते, क्वचित आत अडकतेही. पिशवी सापडली की जवळ शाईची खूण करता येते, सर्जनला ती जागा बाहेरून दिसते.