अल्टरनेटर बदलण्याआधी वायर बघ

अरे घाबरू नकोस, बॅटरी सारखी उतरून गाडी स्टार्ट न होणं जुन्या गाडीत होतंच. फक्त लगेच नवीन बॅटरी घ्यायला धावू नकोस, सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. एक साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) घे आणि एवढंच कर:

१. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी बॅटरी मोज. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी.

२. गाडी चालू करून परत मोज, १३.८ ते १४.५ आलं तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) बहुतेक ठीक. आकडा १२ च्याच घरात राहिला तर आधी अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट ढिला आहे का बघ.

३. केबल. नवीन लोक हेच सोडतात! वरून चकाचक दिसते पण आतून गंजलेली असते, म्हणून मीटरचा एक प्रोब (वायरचं टोक) बॅटरीच्या मायनसवर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर धर आणि कोणालातरी स्टार्टर मारायला सांग, रीडिंग अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगची (मायनसची) केबल किंवा तिचा जॉइंट खराब.

आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'टेस्ट' अजिबात करू नको, कोणी कितीही सांगू दे, व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. टर्मिनल साफ करताना गाडी बंद, मायनस आधी काढायची, शेवटी लावायची.

रीडिंग आले की टाक इथे, पुढचं मग बघू.