गटात एकच लिहिते, बाकीचे पाहतात

प्रश्न : ताई, मी नागपुरात सातवीला शिकवते, वर्गात ४२ पोट्टे. माहितीच्या उताऱ्याचा सारांश लिहा म्हटलं की पहिली दोन वाक्यं अन् शेवटचं एक जसंच्या तसं उतरवून मोकळे होतात. म्हणून गट पाडून पाहिले तर एक हुशार पोरगी सगळं लिहून राहिली अन् बाकीचे तिच्या वहीत डोकावून राहिले. काय करू? आणि मार्क गटाला द्यायचे की एकेकाला?

उत्तर : मॅडम, तुमचे पोट्टे आळशी नाहीत हो, सारांश म्हणजे नेमकं काय करायचं हेच त्यांना कोणी करून दाखवलेलं नसतं, आपण फक्त "थोडक्यात लिहा" म्हणतो आणि थोडक्यात म्हणजे कमी ओळी एवढंच त्यांना कळतं. खरं काम आहे गाळायचं. काय ठेवायचं अन् काय सोडायचं यावर भांडण व्हायला पाहिजे आणि त्या भांडणासाठीच गट लागतो, लिहिण्यासाठी नाही.

मी संत्र्याचा उतारा घ्यायचे, कारण इकडच्या प्रत्येक पोराला त्यातलं काहीतरी माहीत असतंच. दहा-बारा वाक्यं. आंबिया बहार, मृग बहार (झाडाला फुलं यायचे दोन हंगाम), फुलं येण्याआधी पाणी तोडून झाडाला ताण देतात ते, २०१४ साली नागपुरी संत्र्याला मिळालेलं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, आणि मधेच संत्री, मोसंबी, लिंबू अशी यादी. चौघांचा गट, आधी पाच मिनिटं कोणी कोणाशी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपापल्या कागदावर फक्त तीन वाक्यं पेन्सिलीने खोडायची आणि मग गटात सांगायचं की हेच का खोडलं. एवढ्यानेच तुमची ती हुशार पोरगी एकटी पडत नाही, कारण सगळ्यांच्या हातात आधीच काहीतरी असतं.

एकदा एका गटात ताणाच्या वाक्यावरून जुंपली. एक म्हणे हे शेतीचं बारीकसारीक आहे, काढून टाक. दुसऱ्याच्या मामाची काटोलकडे संत्र्याची बाग, तो म्हणाला, "अरे ताण नाही दिला तर झाड नीट फुलतच नाही, मग बहार कशाचा?" वाक्य राहिलं. मी मधे पडले असते तर ते भांडण मेलं असतं, म्हणून गप्प उभी राहिले.

ॲन ब्राउन आणि जीन डे या दोघी अमेरिकन संशोधकांनी १९८३ मध्ये सारांशाचे नियम मांडलेत, फार कामाचे आहेत: किरकोळ गोष्ट गाळा, पुन्हा आलेली गाळा, यादी असली तर एकच शब्द लावा, म्हणजे संत्री-मोसंबी-लिंबूचं "लिंबूवर्गीय फळं" झालं, उताऱ्यात मुख्य वाक्य असेल तर ते उचला आणि नसेल तर स्वतः तयार करा. गाळणं पाचवीच्या मुलांनाही बऱ्यापैकी जमतं, पण ते शेवटचं, स्वतःचं वाक्य तयार करणं कॉलेजच्या मुलांनाही जड जातं असं त्यांना दिसलं, म्हणून सातवीकडून पहिल्याच आठवड्यात ती अपेक्षा नका ठेवू, एक महिना नुसतं गाळणं अन् यादीला एक शब्द, बस.

लिहायची वेळ आली की पुस्तक बंद. हे मात्र कडकपणे पाळा! उघडं ठेवलं की डोळे तिकडेच जातात आणि पुन्हा कॉपी सुरू. आधी एकाने तोंडी सांगायचं, दुसऱ्याने जे कळलं नाही ते विचारायचं, तिसऱ्याने राहिलेलं भरायचं, चौथ्याने पुस्तक उघडून तपासायचं की चुकीचं तर नाही ना, आणि पुढच्या उताऱ्याला कामं बदलायची, नाहीतर तपासणारा वर्षभर तपासणाराच राहतो. १९८४ मध्ये पॅलिंक्सार आणि ब्राउन यांनी जवळपास अशाच पद्धतीने, मुलांनीच आळीपाळीने शिक्षक व्हायचं, असं सातवीच्या वाचनात मागे असलेल्या मुलांसोबत करून पाहिलं होतं आणि त्यांचं आकलन सुधारलं.

४२ पोरं म्हणजे दहा गट, त्यातल्या दोन गटांत पाच-पाच. एका तासात सगळे गट ऐकणं होत नाही, रोज दोनच ऐका.

मार्कांचं म्हणाल तर एकेकालाच. गटात बोलायचं, पण शेवटचा सारांश ज्याने त्याने आपल्या वहीत, आपल्या शब्दात. आणि पहिले काही उतारे तर मार्कच देऊ नका, नुसतं खाली लिहा की कोणतं वाक्य गाळायचं राहिलं.