बडोद्यात वस्तीतल्या मुलांच्या फुटबॉलला व्हॉलंटिअर म्हणून जाऊ का? माझं उत्तर

तू विचारलंयस की कॉलेजला फुटबॉल खेळलोय, आता बडोद्यात नोकरी करतोय, रविवार सकाळ मोकळी असते, तर एखाद्या संस्थेबरोबर वस्तीतल्या मुलांना शिकवायला जाऊ का, कोचिंगचं लायसन्स लागतं का, मित्रांकडून पैसे गोळा करून शूज वाटले तर कसं, आणि सप्टेंबरमध्ये बहुतेक बाहेर शिकायला जाणार आहेस. मी नऊ वर्षं हेच करतोय, विश्वामित्री नदीजवळच्या एका मैदानावर, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लायसन्सचं. नाही लागत. एआयएफएफचं (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं) डी लायसन्स ज्याला पुढे कोच व्हायचंय त्यानं जरूर करावं, तुला रविवारसाठी त्याची गरज नाही. खेळता येणारे आमच्याकडे पुष्कळ येतात रे, तीन रविवार येतात, पोरांना दोन-चार ट्रिका दाखवतात, पोरं जाम खूश, आणि चौथ्या रविवारी फोन लागत नाही. मग पुढचा महिनाभर पोरं मला विचारत राहतात, "सर, पेला सर क्यारे आवशे?" (ते सर कधी येणार?) काय सांगणार? ज्या घरात बाप आज या साइटवर उद्या त्या साइटवर असतो तिथल्या मुलाला मोठी माणसं अशी निघून जाण्याची सवय असते आणि आपण त्यात आणखी एक भर घालायची नाही एवढंच मला तुला कळकळीनं सांगायचंय, बाकी सगळं मैदानावर शिकता येतं.

मैदानाला खरंच काय हवं असतं ते मला दांडिया बाजारातल्या एका रिटायर्ड शिक्षिकेनं शिकवलं. कोविडच्या आधीची गोष्ट, आमच्याकडे मुली टिकायच्या नाहीत. आम्ही मीटिंगा घेतल्या, आईबापांना भेटलो, शॉर्ट्सऐवजी ट्रॅकपँट आणल्या, काही फरक नाही. आणि रोज एक अकरा-बारा वर्षांची मुलगी कुंपणापाशी उभी असायची, कडेवर दीड वर्षाचा भाऊ. बॉल तिकडे गेला की ती त्याला तसंच कडेवर घट्ट धरून डाव्या पायानं बॉल परत मारायची, अगदी सरळ, माझ्या पायाशी. मी कित्येक आठवडे नुसतं "शाबास" म्हणत राहिलो. या बाई एक दिवस कुणाबरोबर तरी सहज आल्या, त्यांनी पाच मिनिटं बघितलं, कडुनिंबाखाली सतरंजी टाकली आणि म्हणाल्या, "दे गं त्याला इकडे." झालं. दोन महिन्यांत सतरंजीवर सात बाळं आणि मैदानात नऊ मुली. त्या बाईंना ऑफसाइड म्हणजे काय ते अजून माहीत नाही, पण आमच्या मैदानावर त्यांच्याइतकं काम कुणी केलेलं नाही, मी तर नाहीच.

आता शूज. नको वाटूस, निदान आल्या आल्या तर नकोच. मी दुसऱ्याच वर्षी ही चूक केली, पोरं चौतीस आणि जोड्या अकरा, म्हटलं जे रेग्युलर आहेत त्यांना देऊ. पुढच्या आठवड्यात मोजून सोळा पोरं आली. ज्यांना मिळाले नाहीत ती रुसली हे तर उघडच होतं, पण ज्यांना मिळाले त्यातलेही दोघं आले नाहीत, एकाचे शूज मोठा भाऊ साइटवर कामाला घालून गेला होता आणि तो अनवाणी यायला लाजला, आदल्या आठवड्यापर्यंत रोज अनवाणीच खेळत होता तो. तेव्हापासून शूज मैदानाच्या पेटीत असतात, साइजप्रमाणे, कुणाचेच नाहीत आणि सगळ्यांचे आहेत. पैसे गोळा झालेच तर बॉल घे, लहानांसाठी साइज ४ (बारा वर्षांपर्यंत तोच बरा), आणि स्वस्तातला घेऊ नकोस, इथे गांडा बावळाचे (वेड्या बाभळीचे) काटे इतके आहेत की हलका बॉल पंधरा दिवस टिकत नाही.

शिकवायचं कसं तर लहान टीम पाड. आपल्याला अकरा-अकराची सवय, पण तिथे बुजरा मुलगा पूर्ण मॅचमध्ये दोनदा बॉलला पाय लावतो आणि घरी जातो. होमलेस वर्ल्ड कपमध्ये (बेघर लोकांची फुटबॉल स्पर्धा, २००३ ला ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये सुरू झाला) चार-चार जण खेळतात, २२ बाय १६ मीटरच्या कोर्टवर, सात-सात मिनिटांचे हाफ, तिथे लपायला जागाच नसते. आपल्या नागपूरच्या विजय बारसे सरांनी २००१ साली झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं, पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं बघून, आणि त्यांची पोरं पुढे याच स्पर्धेपर्यंत गेली. तर चार विटा आणि एक बॉल असला की काम सुरू होतं.

आणखी एक, आम्ही 'तीन हाफ'वालं खेळतो. मॅचच्या आधी दोन्ही टीम गोल करून बसतात आणि नियम ठरवतात, मग रेफरीशिवाय खेळतात, मग परत बसून एकमेकांना वागण्याचे मार्क देतात, ते मार्क गोलमध्ये मिळवायचे. याचं मूळ कोलंबियातल्या मेडेयीन शहरात आहे, १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये स्वगोल झालेल्या आंद्रेस एस्कोबारचा तिथे गोळ्या घालून खून झाला, त्यानंतर तिथल्या तरुणांना बंदुकीपासून लांब आणायला हे सुरू झालं आणि पहिला गोल मुलीनंच करायचा असा नियम होता. आमच्या पोरांना मी तो सांगितला तेव्हा मोठी मुलं भडकली, पण दुसऱ्या मॅचपर्यंत स्वतःच ओरडायला लागली, "अरे एने पास आप ने!" (अरे तिला पास दे ना!) मुलीचा पहिला गोल झाल्याशिवाय त्यांचा मोजलाच जात नाही ना. कुंपणावरची ती मुलगी, तिनं त्या दिवशी तीन मारले.

तू आत्ता आलास तर महिन्याभरात होळी येईल. तेव्हा तीसची नऊ पोरं होतील, घाबरू नकोस. बरीच कुटुंबं दाहोद आणि छोटा उदेपूरकडची आहेत, होळीला गावी जातात, कवांटचा मेळा वगैरे करून येतात, काही तर आखाजीनंतर, आणि पाऊस पडला की पेरणीला पुन्हा गावी. पहिल्या वर्षी मला वाटलं आपलं काम फसलं. आता आम्ही रजिस्टरमध्ये 'गावी' असं वेगळं लिहितो आणि परत आल्यावर पोराला त्याच्याच जुन्या टीममध्ये घेतो, नाव काढत नाही. नवरात्रीतही सकाळी कुणी येत नाही, आणि उत्तरायणानंतर (संक्रांतीच्या पतंगांनंतर) दोन-तीन आठवडे खेळायच्या आधी सगळ्यांनी एका रांगेत चालत जाऊन मांजा वेचायचा, एका पोराची पोटरी कापलेली बघितलीये मी. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर तर महिनाभर मैदानात नुसता गाळ होता, तेव्हा फुटबॉल बंद आणि व्हॉलंटिअर घरोघरी, कुणाची वह्या-पुस्तकं गेली याची यादी करत.

संस्था निवडताना एवढं बघ की ते तुझं ओळखपत्र, पोलीस व्हेरिफिकेशन मागतात का. मागितलं तर राग मानू नकोस, न मागणाऱ्यांकडे जाऊ नकोस. मुलाबरोबर एकट्यानं कुठे जायचं नाही, बाइकवर सोडायचं नाही, फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत. आणि कुणा मुलानं कधी काही वाईट सांगितलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस, लैंगिक अत्याचाराचा संशय असला तरी पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे, तुलाही. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेव.

राहिला सप्टेंबर. त्यासाठी थांबू नकोस, ये, पण पहिल्याच दिवशी पोरांना सांग की मी पावसाळा संपेपर्यंत आहे. ती ऐकतात, तारीख लक्षात ठेवतात, आणि ठरल्या दिवशी गेलेल्या माणसाबद्दल वेगळ्या सुरात बोलतात, पेला सर म्हणत नाहीत, नाव घेतात. जुलैपासून मोठ्या मुलांतल्या एकाला वॉर्मअप घ्यायला शिकव म्हणजे तू गेल्यावर ते त्याच्याकडे राहील.

रविवारी सव्वासहाला सुरू करतो, तू सहाला ये, मांजा अजून निघतोय. आणि येताना पंपाच्या दोन पिना आण, आमची शेवटची काल तुटली.