जर्मनीत आयसीयू रिसर्चची ऑफर आलीय? आधी मुलीची इयत्ता बघा

तुम्ही विचारलंय की एमडी अ‍ॅनेस्थेशिया झालंय, जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातल्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमधून रिसर्च फेलोची ऑफर आहे, मुलगी दुसरीत आहे, तर जावं का. व्हिसा, पगार, घरभाडं साइटवर मिळेल, ते सोडते.

कामाला नावं ठेवायला जागा नाही. इकडे बरेच आयसीयू अ‍ॅनेस्थेशिया डिपार्टमेंटच चालवतं, त्यामुळे टेबलवर झोपवलेला पेशंट पुढे आयसीयूतही आपल्याच नजरेखाली राहतो. मी ऑपरेशननंतरच्या डिलिरियमवर, म्हणजे पेशंट अचानक भ्रमात जातो त्यावर, काम करते. तो तपासायची पद्धत अशी: पेशंटचा हात हातात घ्यायचा, ए एन ए एन ए एस बी ए यू एम अशी अक्षरं सावकाश म्हणायची, ए आला की त्यांनी हात दाबायचा. मग विचारायचं, दगड पाण्यावर तरंगतो का, समुद्रात मासे असतात का. आता ऐंशीचे आजोबा बव्हेरियन बोलीत काहीतरी पुटपुटले की ते भ्रमात आहेत की आपल्यालाच कळलं नाही, हे तिथल्या तिथे ठरवायचं असतं. म्हणून पेपर तर इंग्रजीतच लिहायचेत असं धरून जर्मन टाळू नका. आणि परवान्याशिवाय पेशंटवर उपचार करता येत नाहीत, त्यासाठी मेडिकल जर्मनची सी१, म्हणजे बरीच वरची लेव्हल, तिची परीक्षा आहेच.

कागदपत्रांचं तर विचारूच नका. माझी डिग्री माहेरच्या नावावर, पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं. ऑफिसातल्या बाईंच्या मते या दोन वेगळ्या व्यक्ती. मॅरेज सर्टिफिकेट, गॅझेट, अ‍ॅफिडेव्हिट, सगळ्याचं अधिकृत ट्रान्सलेटरकडून भाषांतर, आणि हे होईपर्यंत मेडिकल काउन्सिलचं गुड स्टँडिंग, म्हणजे आपल्याविरुद्ध तक्रार नसल्याचं सर्टिफिकेट, जुनं झालं, ते परत काढा. तुमचंही नाव बदललेलं असेल तर गॅझेटची कॉपी निघायच्या आधीच हातात ठेवा.

एकटेपणा दिवाळीला जाणवतो, ड्युटी असली की तेवढाही नाही. म्युनिकला महाराष्ट्र मंडळ आहे. बास.

खरं सांगायचंय ते शाळेचं. बव्हेरियात चौथीतच मुलांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासासारखा एक विषय, तिन्हींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा, नाहीतर सहसा दुसरी शाळा. इकडे १ म्हणजे सगळ्यात चांगला ग्रेड. माझ्या मुलाला गणितात १, परिसरात ३ आणि जर्मनमध्ये ४, म्हणजे २.६६. गणितात वर्गात पहिला असलेला मुलगा भाषेपायी रेआलशूलेत, म्हणजे दहावीपर्यंतच्या मधल्या शाळेत, गेला. उशिरा आलेल्या परदेशी मुलांसाठी सवलतीची तरतूद आहे, ती शाळेने आम्हाला सांगितलीच नाही, निकाल लागून गेल्यावर दुसऱ्या एका आईकडून कळली. शाळेतल्या बाईंशी मी शांतपणे बोलले, पण आजही त्या शाळेच्या रस्त्याने जायचं टाळते. पुढे दहावीनंतर त्यालाही वर जायचा रस्ता आहे, तो मजेत आहे, मित्र आहेत, हे सगळं मला कळतं. तरी सांगलीला आईला मी अजून सांगितलेलं नाही, ती शेजारीपाजारी नातू हुशार म्हणून सांगत असते आणि तो आहेच हुशार, मग मला सांगायला का जमत नाही कुणास ठाऊक.

तुमची मुलगी दुसरीत, म्हणजे हातात दोन वर्षंही नाहीत. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, हेसन आणि नॉर्थ राइन-वेस्टफालिया या राज्यांत शेवटचा शब्द पालकांचा असतो. तिकडच्या एखाद्या डिपार्टमेंटला अजून लिहिलं नसेल तर बव्हेरियाला हो म्हणायच्या आधी लिहून बघा.