तिप्पट लिव्हरेजचे ईटीएफ सामान्य गुंतवणूकदारांना विकू द्यावेत का?

सरसकट बंदी नको, पण खरेदीआधी थांबवून विचार करायला लावणारी एक पायरी हवीच. शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारे हे फंड (ईटीएफ) सेन्सेक्ससारख्या एखाद्या निर्देशांकाच्या चढ-उताराच्या तिप्पट नफा किंवा तोटा देतात. पण हा तिप्पट परतावा फक्त एका दिवसापुरता असतो, आणि नेमकं हेच घेणाऱ्याला माहीत नसतं.

समजा, निर्देशांक १०० वरून ९० वर आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा १०० झाला. साध्या इंडेक्स फंडवाल्याचं काहीच गेलं नाही. तिप्पट फंडातले १०० रुपये मात्र आधी ७० होतात आणि मग ३३ टक्के वाढूनही ९३ च्या आसपासच अडकतात. बाजार असाच महिनोनमहिने वर-खाली होत राहिला तर पैसे झिजतच जातात.

अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामक संस्थेने, २०१९ मध्ये प्रस्ताव मांडला होता की, ब्रोकरने ग्राहकाची समज आधी तपासावी. २०२० च्या अंतिम नियमांत तो वगळला गेला. माझ्या मते ते चुकलंच. दक्षिण कोरियात आधी ऑनलाइन प्रशिक्षण घ्यावं लागतं, शिवाय १ कोटी वॉन अनामत ठेवावे लागतात. प्रशिक्षणाची अट मला पटते, अनामतीची नाही. खात्यात पैसे जास्त असले म्हणून हे गणित कळतं, असं थोडंच आहे?