लाटांसाठी पॅडलबोर्ड कोणता?

प्रश्न : वजन ७५ किलो, उंची १७२ सेंटिमीटर. माझा साडेअकरा फुटी, हवा भरून फुगवायचा पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) संथ पाण्यावर छान चालतो. डिसेंबरात कर्नाटकच्या किनाऱ्यावर मुल्कीला लाटांवर तोच चालेल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : लाटेच्या फेसावर सराव होईल, पुढे मात्र तो अडवेल. हवेच्या बोर्डाच्या कडा जाड नि गोल असतात; त्या लाटेच्या उतारात रुतत नाहीत, बोर्ड आडवा घसरतो. नाक पुरेसं वर वळलेलं नसलं, तर उतरताना ते पाण्यात घुसतं आणि तुम्ही पुढे फेकले जाता.

कडक बोर्डच घ्या. खरा प्रश्न लिटरचा, म्हणजे बोर्डाच्या आकारमानाचा आहे. नवख्याने किलोमधल्या वजनाला १.७ ने गुणावं, म्हणजे तुम्हाला सुमारे १२८ लिटर. लांबी ९ फूट, रुंदी ३१ इंच. साडेसात फुटी बोर्डाचा मोह आवरा. लाटेची वाट बघत उभं राहण्यातच दम संपेल. फिन, म्हणजे बोर्डाखालचे पर, तीन हवेत. वल्हं उंचीपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर जास्त, म्हणजे साधारण १८५ पुरे. बोर्ड पायाला बांधायचा दोर सरळ, ९-१० फुटी. गुंडाळीचा दोर लाटेत ताणला जाऊन बोर्ड अंगावर परत आणतो.

आणि कृपा करून खंबायतच्या आखातात उतरू नका! तिथे भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरपर्यंत जातो, ओढ भयंकर असते.